डिफेन्सवाल्याची किंमत नक्की कशात मोजायची? गोबेर, कारुसो, टोनी अ‍ॅलन वगैरे

कडक_भाकरी (धागाकर्ता)

आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एनबीएतल्या (अमेरिकेतली बास्केटबॉल लीग) या विषयावरून इतकं वाजलं की दोघं जण ग्रुप सोडून गेले. एक परत आला. तिथे चार ओळींपेक्षा जास्त लिहिलं की "निबंध नको बे" म्हणतात, म्हणून इथे धागा काढतोय. इथे निबंध चालतो.

ठिणगी पडली ती कारुसोवरून. जून २०२४ मध्ये ओक्लाहोमा सिटीने जॉश गिडी शिकागोला दिला आणि अ‍ॅलेक्स कारुसो घेतला. एकास एक, वर एक ड्राफ्ट पिक, म्हणजे नवे खेळाडू निवडायची एक पाळीसुद्धा नाही. गिडी तेव्हा २१ वर्षांचा, ड्राफ्टमध्ये सहावा आलेला, पास देणारा, रिबाउंड घेणारा. कारुसो तिशीचा, २०१६ च्या ड्राफ्टमध्ये कुणीच न उचललेला, सामन्याला जेमतेम दहा पॉइंट करणारा. शिकागोवाले वर पिक मागायचं विसरले की ओक्लाहोमावाल्यांनी भविष्य विकलं, यावर दोन गट पडले. पुढच्या मोसमात ओक्लाहोमाने ६८ सामने जिंकले, लीगमधला सगळ्यात भक्कम डिफेन्स उभा केला आणि फायनलमध्ये इंडियानाला सातव्या सामन्यात हरवून कप नेला. तरी ग्रुपवरचं भांडण मिटलं नाही, कारण हार आमच्यात कुणी मान्यच करत नाही.

माझं म्हणणं असं आहे. डिफेन्सवाला समोरच्याला किती अडवतो हे सगळे बघतात. त्याची किंमत मात्र दुसऱ्या टोकाला ठरते. आपल्याकडे बॉल असताना समोरचा संघ त्याला किती मोकळा सोडतो? जेवढा मोकळा सोडतील तेवढा तो आपल्या संघाला महाग पडणार, मग अडवण्यात तो कितीही वाघ असो.

उदाहरण टोनी अ‍ॅलन. मेम्फिसचा. सहा वेळा ऑल-डिफेन्सिव्ह (वर्षातल्या सर्वोत्तम डिफेंडरांच्या) संघात. २०१५ च्या प्लेऑफ्समध्ये (मोसमानंतरच्या बाद फेऱ्या) गोल्डन स्टेटविरुद्ध त्याने क्ले थॉम्पसनच्या हातातून बॉल काढून घेतला आणि "फर्स्ट टीम ऑल डिफेन्स" असं ओरडत फिरला. मेम्फिस २-१ पुढे. चौथ्या सामन्यात स्टीव्ह कर्रने काय केलं, तर सात फुटी अँड्र्यू बोगटला अ‍ॅलनवर लावलं. लावलं म्हणजे नावाला. बोगट रिंगखाली उभा, अ‍ॅलन बाहेर मोकळा, मार म्हणावं हवे तेवढे शॉट. झॅक रँडॉल्फ आणि मार्क गॅसोलला आत जागाच उरली नाही. मालिका ४-२ ने गेली. अ‍ॅलनचा डिफेन्स त्या आठवड्यात काही खराब झाला नव्हता. त्याच्या शॉटने त्याला बसवलं.

याच्या उलट ब्रूस बोवेन. सॅन अँटोनिओबरोबर २००३, २००५, २००७ अशी तीन विजेतेपदं. ड्रिबल करायला दिलं तर बघवत नसे. पण कोपऱ्यात जाऊन उभा राहायचा आणि तिथला एकच शॉट घोटून घोटून पक्का केलेला. २००२-०३ मध्ये तीन पॉइंटच्या शॉटमध्ये तो अख्ख्या लीगमध्ये पहिला होता, ४४.१ टक्के. त्याच वर्षी फ्री थ्रो ४०.४ टक्के! समोर कुणी नसताना पंधरा फुटांवरून जमत नाही आणि बावीस फुटांवरून जमतं. पण टिम डंकनला आत जागा मिळायला तेवढं पुरेसं होतं.

तर प्रश्न: संघ तुम्हाला बांधायचाय, एकच डिफेन्सवाला घेता येतो. गोबेरसारखा रिंगखालचा डोंगर घ्याल की कारुसोसारखा बाहेरचा कुत्रा? (कुत्रा हे कौतुकाने म्हणतोय, अमेरिकेतही तसंच म्हणतात.)

सात_रस्ता

काय मालक, सकाळी सकाळी. नळाला पाणी आलंय, भरून येतो मग भांडतो.

आकडेबहाद्दर

धागा चांगला, निष्कर्ष घाईचा.

डोंगर घ्यायचा. यात चर्चा करण्यासारखं फार नाही. बाहेरचा कितीही चिवट असला तरी तो एका माणसाला अडवतो, आणि तेही तो माणूस स्क्रीन घेऊन (सहकाऱ्याला आडवं उभं करून) त्याला झटकून टाकेपर्यंतच. मग समोरचा कोच दुसऱ्याच्या हातात बॉल देतो. रिंगखालचा माणूस पाचही जणांच्या चुका निस्तरतो. शिवाय त्याला बघून जे शॉट मारलेच जात नाहीत ते कुठल्याच रकान्यात येत नाहीत. गार्ड (बाहेरून बॉल खेळवणारा) आत शिरतो, वर बघतो, गोबेर दिसतो, बॉल परत बाहेर. त्याची नोंद शून्य.

मोजमापाचा घोळ इथेच आहे. ब्लॉक (शॉट हाताने अडवणं) आणि स्टील (बॉल हिसकावणं) यांची अधिकृत नोंदच मुळात १९७३-७४ पासून. बिल रसेलने १३ मोसमांत ११ विजेतेपदं मिळवली, त्याचे ब्लॉक किती हे आज सांगता येत नाही. २०१३-१४ पासून सगळ्या कोर्टांवर कॅमेरे आले, कोण कुणावर होता हेही कळायला लागलं. पण त्यातूनही लोक भलतंच काढतात. "अमक्यासमोर खेळाडू तीन पॉइंटचे फक्त ३० टक्के मारतात", असले आकडे बाहेरच्या डिफेंडरच्या नावावर खपवतात. त्यात बराचसा नशिबाचा भाग असतो, पुढच्या वर्षी तोच आकडा ४० होतो. डिफेंडरच्या हातात जास्त असतं ते शॉट घेऊच न देणं. रिंगपाशी मात्र टक्केवारी खरंच डिफेंडर बदलतो, आणि वर्षानुवर्षं बदलतो.

डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयरची यादी काढून बघा. चार-चार वेळा मिळालेले तिघे: मुटोम्बो, बेन वॉलेस, गोबेर. तिघेही सेंटर, म्हणजे रिंगखालचे उंच खेळाडू. १९९६ मध्ये गॅरी पेटनला मिळाल्यावर पुढच्या गार्डला, म्हणजे मार्कस स्मार्टला, मिळायला २०२२ उजाडलं. मत देणारे सगळेच येडे नसतात.

सात_रस्ता

मत देणाऱ्यांवर एवढा विश्वास? तू सोलापुरात राहत नाहीस वाटतं आता 😄

आकडेबहाद्दर

पुण्यात असतो. म्हणून तर विश्वास उडालाय.

साखरपेठ_ते_मिनियापोलिस

गोबेरचं नाव निघालं म्हणून लॉगिन केलं. मी मूळचा साखर पेठेतला, नोकरीपायी मिनेसोटात. इथल्या थंडीबद्दल बोलत नाही, आई वाचते हे संकेतस्थळ.

जुलै २०२२ चा तो सौदा झाला तेव्हाची आमच्या ऑफिसातली कळा सांगतो. गोबेर एकटा आला. गेले कोण? बीझ्ली, बेव्हर्ली, व्हँडरबिल्ट, बोल्मारो, नुकताच ड्राफ्ट केलेला वॉकर केसलर. वर पहिल्या फेरीची चार पिक्स (२०२३, २०२५, २०२७, २०२९) आणि २०२६ ची अदलाबदल. घर विकून गाडी घेतली, असं माझा बॉस म्हणाला. आणि गाडीचा हप्ता पण होता, युटाने २०२० मध्ये त्याच्याशी केलेला पाच वर्षांचा २०.५ कोटी डॉलरचा करार सोबत आला.

पहिलं वर्ष म्हणजे नुसता तमाशा. ४२ विजय, ४० पराभव. नियमित मोसमाच्या शेवटच्या सामन्यात, एप्रिल २०२३, टाइमआउटमध्ये गोबेरने स्वतःच्याच संघातल्या काइल अँडरसनवर हात उगारला आणि त्याला घरी पाठवलं. त्याच सामन्यात आमचा दुसरा डिफेन्सवाला जेडन मॅकडॅनियल्स, त्याने बोगद्यातल्या भिंतीला ठोसा मारून हात मोडून घेतला. एकाच दिवशी एकाने सहकाऱ्याला आणि दुसऱ्याने भिंतीला. दोन डिफेन्स स्पेशालिस्ट असलेल्या संघाचे हे हाल.

आणि मग २०२३-२४. तीच माणसं. ५६ विजय, लीगमधला पहिल्या क्रमांकाचा डिफेन्स, गोबेरला चौथा पुरस्कार, वेस्टर्न कॉन्फरन्सच्या फायनलपर्यंत मजल. टार्गेट सेंटरमध्ये वरच्या रांगेत बसून मी बघितलंय: समोरचा गार्ड पिक अँड रोल घेऊन (सहकाऱ्याच्या स्क्रीनला वळसा घालून) आत येतो, मॅकडॅनियल्स मागून चिकटलेला, पुढे गोबेर हात पसरून मागे मागे सरकतोय. टीव्हीवर बॉलच्या मागे कॅमेरा फिरतो, त्यात हे दिसत नाही. वरून दिसतं की बाकीचे तिघे आपापल्या माणसाला सोडतच नाहीत. मदतीला जायची गरजच नाही त्यांना. तीन पॉइंटवाले मोकळे सापडत नाहीत ते यामुळे.

पण प्रामाणिकपणे दुसरी बाजूही. डेनवरविरुद्धच्या मालिकेत दुसऱ्या सामन्याला गोबेर नव्हता, मुलाच्या जन्मासाठी घरी थांबला होता. त्याच्याशिवाय आम्ही चॅम्पियन डेनवरला ८० पॉइंटवर रोखलं आणि २६ ने जिंकलो. ऑफिसात दुसऱ्या दिवशी काय काय ऐकलं असेल ते तुम्ही समजून घ्या. आणि मग डॅलसविरुद्ध दुसरा सामना, शेवटचे काही सेकंद, आम्ही दोनने पुढे, स्विच होऊन (डिफेंडरांनी माणसं बदलून) गोबेर बाहेर डॅलसच्या डोन्चिचसमोर आला. डोन्चिच मागे सरकला, तीन पॉइंट, १०९-१०८. तो क्लिप माझ्या बॉसने मला पाठवला. अजून पाठवतो.

कडक_भाकरी

हेच तर म्हणतोय दादा! ८२ सामने डोंगर कामाचा, शेवटच्या दोन मिनिटांत त्यालाच ओढून बाहेर आणतात.

शेंगाचटणी

एकाच क्लिपवरून माणसाचा हिशेब करता येत नाही. मी कॉलेजला पॉइंट गार्ड खेळलेय, त्यामुळे बाहेरून आत घुसणाऱ्याच्या बाजूने बोलते.

गोबेरवर बिल फाडायला सगळ्यांना आवडतं ते २०२१ चं. युटा पहिल्या मानांकनाचा संघ, क्लिपर्सविरुद्ध सहावा सामना, २५ पॉइंटची आघाडी. क्लिपर्सनी सेंटर काढून पाच बुटके आणले, टेरन्स मॅनला कोपऱ्यात उभा केला. गोबेर रिंग सांभाळेल की कोपरा? मॅनने ३९ केले, युटा घरी. सगळे म्हणाले गोबेरला खेळवताच येत नाही. पण तो सामना पुन्हा बघा हो. प्रत्येक वेळी युटाचा बाहेरचा डिफेंडर पहिल्या पावलातच मागे पडतोय. बॉल आत आलाय, गोबेर पुढे झाला नाही तर सरळ लेअप. पुढे झाला तर कोपरा मोकळा. एकट्याने दोन जागी उभं राहायचं? आग दुसऱ्याने लावली आणि पंचनाम्यात नाव बंबवाल्याचं.

त्यामुळे "डोंगर की कुत्रा" हा प्रश्नच मला पटत नाही. मिनेसोटात डोंगर चालला तो पुढे मॅकडॅनियल्स होता म्हणून.

आणि भाकरीदादा, तुमच्या सिद्धांताला एक मोठं भोक आहे, त्याचं नाव बेन वॉलेस. सहा फूट नऊ इंच (तेही केस धरून म्हणतात), १९९६ मध्ये ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही. कारकिर्दीत एकाही मोसमात सरासरी दहा पॉइंट नाहीत. फ्री थ्रो ४१ टक्के. समोरचे त्याला सोडायचेच, शॉट नव्हताच ना त्याच्याकडे. तरी २००४ ला डेट्रॉइट चॅम्पियन. शॅक, कोबी, मलोन, पेटन असलेल्या लेकर्सना ४-१. तिसऱ्या सामन्यात लेकर्स ६८ वर. त्याच मार्चमध्ये डेट्रॉइटने सलग पाच संघांना ७० च्या आत ठेवलं होतं. कुणी मोकळा सोडला म्हणून काय बिघडलं?

कडक_भाकरी

ताई, वॉलेस सेंटर होता. तेव्हा सेंटरने बाहेर उभं राहायचं नसायचंच, त्याचा माणूस तसाही आतच असायचा. शिवाय तो २००४ चा काळ. त्याच्या पुढच्याच मोसमात, २००४-०५ ला, बाहेर हात लावून अडवणं रेफरींनी कडक केलं आणि गार्ड मोकाट सुटले. आज बाकीचे चौघे तीन पॉइंटवाले घेऊन वॉलेस खेळेलही. पण त्याच्याबरोबर दुसरा न मारणारा ठेवलात तर?

आकडेबहाद्दर

+१. एक न मारणारा चालतो, दोन चालत नाहीत. आणि तो एक सेंटर असला तर उत्तम, कारण सेंटर स्क्रीन लावतो, रिंगकडे धावतो, रिबाउंड घेतो. गोबेरच्या स्क्रीनवर सहकारी किती शॉट मारतात ते बघा, वर्षानुवर्षं त्यात तो आघाडीला. म्हणजे "दुसऱ्या टोकाला महाग" हा सिद्धांत गार्ड-विंगला लागू, सेंटरला अर्धाच.

आंद्रे रॉबर्सन हे त्याचं सगळ्यात वाईट उदाहरण. ओक्लाहोमाचाच. अफाट डिफेंडर. २०१७ च्या प्लेऑफ्समध्ये ह्यूस्टनने त्याला मुद्दाम फाऊल करून लाइनवर पाठवायला सुरुवात केली. त्या प्लेऑफ्समध्ये २१ पैकी ३ फ्री थ्रो. आणि गंमत अशी की पुढच्या जानेवारीत त्याचा गुडघा गेला तेव्हा संघाचा डिफेन्स लगेच सैल पडला. दोन्ही गोष्टी खऱ्या. असल्या खेळाडूला पगार किती द्यायचा, सांगा.

शिट्टीवाले_सर

नमस्कार. मी शारीरिक शिक्षणाचा शिक्षक, कॉलेजच्या मुलांचा संघ बघतो. एनबीएचं तुमच्याइतकं ज्ञान नाही, सकाळी मैदानावर असतो त्यामुळे सामने थेट बघायला मिळत नाहीत. पण वर जे चाललंय ते माझ्याकडे दर वर्षी घडतं.

सध्या संघात एक मुलगा आहे. घरी यंत्रमाग, रात्रपाळी संपवून सरावाला येतो. समोरच्या संघाचा सगळ्यात चांगला खेळाडू याच्याकडे द्यायचा आणि विसरून जायचं. पाय असे चालतात की बघत राहावं. हाताने नाही, छातीने आणि पायाने अडवतो, फाऊल होत नाहीत. आपल्याकडे पाच फाऊलला बाहेर जावं लागतं, एनबीएत सहा, त्यामुळे हे फार महत्त्वाचं. पण शॉट नाही. गेल्या स्पर्धेत समोरच्या कोचने दुसऱ्या क्वार्टरपासून याच्यावरचा माणूस काढून सरळ रिंगखाली उभा केला. तुमच्या त्या बोगटसारखा.

इथे एक फरक लक्षात घ्या. एनबीएमध्ये कुणालाही जवळून अडवत नसताना रंगीत पट्ट्यात तीन सेकंदांपेक्षा जास्त थांबता येत नाही. २००१-०२ ला त्यांनी झोन डिफेन्स खुला केला तेव्हाच हा नियम आणला. त्यामुळे तिथे बोगटलासुद्धा आत-बाहेर करत राहावं लागतं. आपण फिबाच्या नियमांनी खेळतो, त्यात डिफेन्सला तीन सेकंदांची अटच नाही. आमच्या मुलावरचा माणूस रिंगखाली खाट टाकून झोपला तरी रेफरी शिट्टी मारणार नाही. म्हणजे शॉट नसलेला बाहेरचा डिफेंडर एनबीएपेक्षा सोलापुरात जास्त महाग पडतो. आणि उंच मुलगा, तो नुसता आत उभा राहिला तरी चालतो, त्यामुळे तो आपल्याकडे जास्त स्वस्तात जास्त देतो. असे उंच मुलगे मिळतात कुठे हा वेगळा प्रश्न. मिळाला तर त्याला व्हॉलीबॉलवाले नेतात.

सात_रस्ता

पाणी भरून आलो.

सगळे बास्केटबॉलचे पंडित जमलेत, पण कबड्डीकडं कुणी बघायला तयार नाही. तिथं हे उत्तर कधीच मिळालंय की. २०२३ च्या लिलावात तेलुगू टायटन्सनी पवन सेहरावतला २.६०५ कोटीला घेतला. रेडर, हिरो. आमच्या पूर्व भागात लई लोक टायटन्सवाले, नाचलीत पोरं. टायटन्स त्या मोसमात शेवटून पहिले. त्याच लिलावात पुणेरी पलटणने शादलुईला २.३५ कोटीला घेतला, डावा कोपरा, पकड करणारा. पलटण चॅम्पियन. पुढच्या वर्षी हरियाणाने त्यालाच २.०७ कोटीला उचलला. हरियाणा चॅम्पियन. अजून काय पायजे बे?

आकडेबहाद्दर

उदाहरण झकास, पण ते भाकरीच्याच बाजूने जातं. कबड्डीत डाव्या कोपऱ्याने रेडला गेलंच पाहिजे असं कुठाय? आपल्या संघाची रेड चालू असताना तो मागे उभा राहून घाम पुसतो, त्याचं काही बिघडत नाही. म्हणजे त्याच्या डिफेन्सची पूर्ण किंमत हातात पडते. बास्केटबॉलमध्ये पाचही जणांना दोन्हीकडे कोर्टवर राहावंच लागतं. न मारणारा उभा आहे तिथे समोरच्यांना एक माणूस फुकटात मिळतो. कबड्डीसारखा नियम असता तर टोनी अ‍ॅलन आज सगळ्यात महागडा खेळाडू असता.

(आणि शादलुई रेडही टाकतो, त्याला ऑलराउंडर म्हणून घेतला होता. पण असू दे.)

सात_रस्ता

असू दे म्हणून सांगतोच कशाला मग 😂

शेंगाचटणी

सर, तुमच्या मुलाबद्दल. त्याला कोपऱ्यात उभा करूच नका. कोपऱ्यात उभा राहिला की तो प्रेक्षकच. त्याला स्क्रीन लावायला आणा. २०२०-२१ ला ब्रुकलिनमध्ये ब्रूस ब्राउन होता, सहा फूट चार इंच, गार्ड, बाहेरून शॉट यथातथा. ड्युरँट, हार्डन, अर्विंग यांच्याबरोबर त्याला सेंटरसारखा वापरला. बॉलवाल्याला स्क्रीन लावायची, वळायचं, फ्री थ्रो लाइनजवळ पास घ्यायचा आणि तिथून छोटा फ्लोटर (डिफेंडरच्या वरून हलकेच टाकलेला शॉट) किंवा पुढचा पास. ज्याने त्याला सोडलंय तो लांब आहे, म्हणजे त्या स्क्रीनमागे तुमच्या शूटरला आपोआप मोकळी जागा. सोडणाऱ्याला सोडण्याची शिक्षा अशी द्यायची. ब्राउन पुढे २०२३ ला डेनवरबरोबर चॅम्पियन झाला.

ड्रेमंड ग्रीनचं तरी दुसरं काय आहे? सहा फूट सहा, दुसऱ्या फेरीत ३५ वा. लोक त्याला बाहेर मोकळा सोडतात. करीवर दोघे धावले की बॉल ग्रीनकडे, आणि मग चारास तीन. चार विजेतेपदं. त्याने शॉट सुधारला असं कुणी म्हणणार नाही, उलट घसरला. पण त्याला सोडलं की तो पासने मारतो.

शिट्टीवाले_सर

हे करून बघण्यासारखं आहे. मुलाचा पास बरा आहे, फक्त घाई करतो.

कडक_भाकरी

ताई, ग्रीनला मी डिफेन्स स्पेशालिस्ट धरतच नाही. तो डिफेन्स अधिक पॉइंट गार्ड आहे. स्पेशालिस्ट म्हणजे ज्याला दुसरं काही येत नाही तो.

शेंगाचटणी

वा! ज्याला दुसरं काही येतं तो स्पेशालिस्ट नाही, आणि ज्याला येत नाही तो महाग. मग तुमचा सिद्धांत चुकेल कसा? व्याख्येतच जिंकताय.

साखरपेठ_ते_मिनियापोलिस

😂😂 ताईंनी चार्ज घेतला. ऑफेन्सिव्ह फाऊल, भाकरी.

गड्डा_जत्रा

एवढा वेळ नुसता वाचत होतो. डॉर्टचं नाव अजून कसं कुणी घेतलं नाही?

लू डॉर्ट. २०१९ मध्ये ड्राफ्टमध्ये कुणी घेतला नाही. पहिल्या मोसमात तीन पॉइंट ३० टक्क्यांच्या आत. २०२० च्या प्लेऑफ्समध्ये, तेच कोविडमुळे बंद आवारात, बबलमध्ये झालेले, त्याला जेम्स हार्डनवर सोडला. हार्डन हैराण. मग ह्यूस्टनने तेच केलं जे वर सगळे सांगतायत, डॉर्टला मोकळा सोडला. मालिकाभर विटांवर विटा, म्हणजे चुकलेले शॉट. आणि सातव्या सामन्यात पठ्ठ्याने ३० केले! शेवटचे सेकंद, ओक्लाहोमा एकने मागे, बॉल फिरून डॉर्टकडे, डॉर्टने तीनचा शॉट उचलला... आणि ब्लॉक कुणी केला? हार्डनने. ज्याच्या डिफेन्सवर लोक व्हिडिओ करून हसायचे त्या हार्डनने. १०४-१०२. सिनेमात दाखवलं असतं तर कुणी मानलं नसतं.

आता पुढे बघा. त्याला ओक्लाहोमाने टाकून दिला नाही, पाच वर्षं मारू दिलं. २०२४-२५ मध्ये तीन पॉइंट ४१.२ टक्के. ऑल-डिफेन्सिव्ह पहिल्या संघात. चॅम्पियन. म्हणून मला वाटतं किंमत काढताना आजचा शॉट बघायचा की तीन वर्षांनंतरचा, हे कुणीच धरत नाहीये. अडवण्याची हाव आणि पाय नंतर शिकवता येत नाहीत. एका कोपऱ्यातून शॉट मारायला शिकवता येतो. बोवेन शिकला, डॉर्ट शिकला.

आकडेबहाद्दर

अ‍ॅलन नाही शिकला, रॉबर्सन नाही शिकला. जे शिकले तेच आपल्याला आठवतात. किती जण कोपऱ्यात उभे राहून लीगबाहेर गेले याची यादी कुणाकडे आहे?

गड्डा_जत्रा

ती यादी नाही. पण जो गार्ड ३० पॉइंट करतो आणि अडवत नाही तोही प्लेऑफ्समध्ये बाकावर जातोच की. गिडीचंच घ्या, मूळ धागा त्यावर आहे. २०२४ ला डॅलसने त्याला मोकळा सोडला आणि दुसरीकडे त्याच्यावर हल्ला पण केला. मिनिटं कमी झाली. दोन्ही टोकांना महाग. त्यापेक्षा एका टोकाला महाग बरा.

कडक_भाकरी

गिडीला मध्ये आणू नका, तो माझा आवडता आहे. 😐 पण मुद्दा बरोबर.

डायसन डॅनियल्सबद्दल कुणाचं काय मत? न्यू ऑर्लीन्सने डिजॉन्टे मरीच्या सौद्यात जवळजवळ चिल्लर म्हणून दिला. अटलांटात २०२४-२५ मध्ये सामन्यामागे तीन स्टील, एकूण २२९. तीनची सरासरी १९९०-९१ च्या अ‍ॅल्व्हिन रॉबर्टसननंतर कुणाची नव्हती. आकडेबहाद्दर म्हणेल स्टील म्हणजे जुगार.

आकडेबहाद्दर

सगळे नाही. जागा सोडून झेप घेणारे जुगारी वेगळे. डॅनियल्स पासच्या रेषेत हात आधीच ठेवतो, पाय जागेवर असतात. त्यामुळे चुकला तरी मागे फार मोकळं होत नाही. डिफेन्सिव्ह प्लेयर ऑफ द इयरच्या मतांत तो मोब्लीनंतर दुसरा आला, गार्डसाठी मोठी गोष्ट आहे. आणि स्टीलचा एक फायदा ब्लॉकला नाही: ब्लॉक झालेला बॉल पुष्कळदा समोरच्याकडेच परत जातो. स्टील म्हणजे बॉल आपला, समोर कोर्ट रिकामं.

पण किमतीवर या आता, धागा तोच आहे. डिसेंबर २०२४ मध्ये कारुसोला चार वर्षांचे ८.१ कोटी डॉलर मिळाले, म्हणजे वर्षाला दोन कोटींच्या आसपास. गोबेरचा युटाचा करार वर्षाला चार कोटींच्या वर. बाजाराने उत्तर दिलंय: डोंगर म्हणजे दोन कुत्रे.

साखरपेठ_ते_मिनियापोलिस

बाजाराने डेनवरला विचारावं. मे २०२५, सातवा सामना. योकिच, दोनशे ऐंशी पौंडांचा, तीन वेळचा एमव्हीपी (लीगचा सर्वोत्तम खेळाडू). ओक्लाहोमाकडे होमग्रेन आणि हार्टनस्टाइन असे दोन सात फुटी होते, तरी त्याच्यावर कुणाला लावलं? सहा फूट पाच इंचाच्या कारुसोला. पाठीवर योकिच घेऊन तो पुढून बॉल अडवत होता, मागे उंच माणूस मदतीला. योकिचने नऊच शॉट घेतले. १२५-९३. त्या रात्री दोन डोंगरांपेक्षा एक कुत्रा महाग होता.

आणि तरीही मी गोबेर विकणार नाही. तो महिना उजाडायच्या आदल्या दिवशी, ३० एप्रिलला, लेकर्सकडे धड सेंटर नव्हता तेव्हा त्याने २७ पॉइंट आणि २४ रिबाउंड घेऊन मालिका संपवली. लहान संघ उतरवून त्याला बाहेर ओढायची हौस असेल तर आधी त्याला आत रोखायचं कोणी ते ठरवा. बॉसला तो क्लिप मी पाठवला.

शेंगाचटणी

बॉसने काय उत्तर दिलं?

साखरपेठ_ते_मिनियापोलिस

डोन्चिचचा क्लिप.

शिट्टीवाले_सर

मंडळी, एक विनंती. त्या मुलाला दाखवायला एखादा सामना सुचवा. पूर्ण बघायला त्याला वेळ नसतो, अर्धा तास मिळेल. शॉटसाठी नाही, पायांसाठी आणि स्क्रीन लावून पास देण्यासाठी.

गड्डा_जत्रा

वर म्हटलेला योकिचवाला सातवा सामना, दुसरा क्वार्टर. सुरुवातीला डेनवरच पुढे होतं, ते कसं फिरलं ते दिसेल. आणि मुलाला सांगा बॉलकडे नाही, कारुसोच्या कमरेकडे बघ.

शेंगाचटणी

स्क्रीन आणि पाससाठी ब्रूस ब्राउनचे ब्रुकलिनचे तुकडे बघा, दहा मिनिटांत होईल. सर, सराव किती वाजता असतो? मी रविवारी येऊ शकते, फ्लोटर मला शिकवता येईल.

शिट्टीवाले_सर

सहाला या ताई. त्यानंतर ऊन चढतं. बॉल कमी आहेत, असला तर एक घेऊन या.